कार्डांची पेटी आणि एक चिठ्ठी



गेल्या आठवड्यात धर्मशिक्षण समितीची बैठक झाली. विषय तसा लहानच होता. रविवारच्या वर्गाला येणाऱ्या पहिली ते सातवीच्या मुलांसाठी व्हॅलेंटाईन दिनानिमित्त एक छोटी पार्टी, थोडे खेळ, थोडा खाऊ. अर्ध्या तासात आटोपेल अशा समजुतीने आम्ही बसलो आणि रात्री साडेदहाला उठलो. चहा दोनदा झाला. एक शिक्षिका रागावून निघाल्या होत्या, त्यांना दारातून परत बोलवावे लागले. निर्णय व्हायचा तो झाला आहे, परंतु त्यामागचा वाद चार भिंतींत राहू नये असे वाटल्याने या रविवारी नेहमीच्या चिंतनाऐवजी त्याविषयीच लिहीत आहोत.

आधी गेल्या वर्षीचे सांगितले पाहिजे, कारण चूक आमची होती.

गेल्या वर्षी आपल्या हॉलमध्ये मुलांनी पुठ्ठ्याची एक पेटी केली होती. लाल जिलेटिनचा कागद, वर पोस्टाच्या पेटीसारखी फट. ज्याला ज्याला कार्ड द्यावेसे वाटेल त्याचे नाव लिहून पेटीत टाकायचे आणि पार्टीच्या दिवशी पेटी उघडायची, अशी कल्पना. कल्पना आमच्यापुढे आली तेव्हा आम्ही मान डोलावली. त्रेचाळीस मुले होती. पेटी उघडली, एक ताई एकेक नाव मोठ्याने वाचू लागली आणि मुले पुढे येऊन कार्डे घेऊ लागली. पहिली पाच-दहा मिनिटे मजेची गेली. नंतर मुलांनी मोजायला सुरुवात केली. मुले मोजणारच. सहावीतल्या एका मुलाला चौदा कार्डे मिळाली तेव्हा टाळ्या पडल्या. तिसरीतली एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. प्रत्येक नावाला ती अर्धे पाऊल पुढे यायची आणि पुन्हा मागे सरायची. पेटी रिकामी झाली तेव्हा तिच्या हातात काही नव्हते.

आमच्या ते लक्षात आले. मग आम्ही काय केले? सॅक्रिस्टीत गेलो, टेबलावर पडलेल्या रंगीत कागदाचे एक हृदय कापले, त्यावर दोन ओळी खरडल्या, खाली 'तुझी एक मैत्रीण' अशी सही केली आणि पेटीच्या तळाशी अडकून राहिले होते असे सांगून ते तिला दिले. तिने ते उघडले, वाचले, पुन्हा घडी केली आणि म्हणाली, "फादर, हे तुमचं अक्षर आहे." दर रविवारी फळ्यावर आमचेच अक्षर पाहणाऱ्या मुलीला ते ओळखता येणार नाही, असे आम्हाला कसे वाटले कोण जाणे. तिच्या धर्मशिक्षिकेकडून नंतर कळले की त्या पेटीत तिने स्वतः पाच कार्डे टाकली होती.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर तिची आजी भेटली. तक्रार अशी तिने केली नाही. "फादर, पोरांना द्यायचं ते द्या, पण असं मोजून कशाला द्यायचं?" एवढेच म्हणाली आणि निघून गेली.

यंदा बैठकीत पहिली सूचना आली ती साहजिकच होती. प्रत्येक मुलाने प्रत्येकाला कार्ड द्यायचे. अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. तिथे शाळांच्या वर्गांतून मुले एकमेकांना व्हॅलेंटाईनची कार्डे देतात आणि बऱ्याच शाळांचा नियमच असतो की आणायची तर वर्गातल्या सगळ्यांसाठी आणा, नाहीतर आणू नका. परदेशात नोकरीला असलेल्या आपल्या काही कुटुंबांतली मुले हे अनुभवून आली आहेत. सूचना चांगली वाटली. पण समितीतल्या एका आईने लगेच विचारले, "फादर, माझ्या मुलीने आपल्या मैत्रिणीसाठी तीन संध्याकाळ बसून कार्ड केलं. तिला आता सांगायचं का, की बेचाळीस जणांना तसंच दे? मग त्या कार्डाला अर्थ काय उरला?" आणि युवक मंडळाचा प्रतिनिधी, जो सहसा खुर्च्या मांडण्यापलीकडे काही बोलत नाही, तो म्हणाला, "ज्याच्याबद्दल काही वाटत नाही त्यालाही 'तू मला आवडतोस' लिहायचं, हे आपण पोरांना खोटं बोलायलाच शिकवतोय."

भाविकहो, हा प्रश्न मुलांच्या पार्टीपुरता नाही. प्रेम हे देणे लागते का? कोणी कोणाला, माझ्यावर प्रेम करणे तुझे कर्तव्य आहे, असे म्हणू शकतो का? म्हणू शकत नसेल तर त्या मुलीवर अन्याय झाला असे तरी कसे म्हणायचे? तिला कोणी मारले नाही, तिचे काही काढून घेतले नाही. बेचाळीस मुलांपैकी प्रत्येकाने आपापल्या मित्रांना कार्ड दिले, यात एकाचेही काही चुकले नाही. तरीही भिंतीशी जे घडले ते बरे नव्हते, हे हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळले होते.

सुरुवातीला संताची आठवण काढू, कारण शेजारचे लोक आम्हाला 'फादर, तुमचा तो व्हॅलेंटाईनचा सण' असे म्हणतात आणि आम्हाला दरवेळी थोडे ओशाळल्यासारखे होते. आपल्या उपासनेच्या पंचांगात १४ फेब्रुवारीला संत व्हॅलेंटाईनचा सण आज नाही. १९६९ साली पंचांगाची फेररचना झाली तेव्हा त्यांचे स्मरण सार्वत्रिक यादीतून काढले गेले. ते रक्तसाक्षी होते, रोमजवळच्या फ्लामिनिया रस्त्यावर त्यांना पुरले गेले, एवढ्यापलीकडे खात्रीचे फारसे हाती नाही. रोमचा एक धर्मगुरू आणि तेर्नीचा एक बिशप अशा दोन व्हॅलेंटाईनांच्या कथा आहेत. ते दोघे की एकच, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही. तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला लिहिलेल्या चिठ्ठीची गोष्ट गोड आहे, पण ती फार नंतरची. प्रेमिकांशी या दिवसाचा संबंध आपल्याला लिखाणात दिसतो तो चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसर याच्या काव्यात, आणि तिथेही जोडीदार निवडतात ते पक्षी. आज १४ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा स्मरण करते ते संत सिरिल आणि संत मेथोडियस या दोन भावांचे. त्यांनी स्लाव लोकांना त्यांच्याच भाषेत शुभवर्तमान ऐकता यावे म्हणून लिपी घडवली. ज्या दिवशी मुले कार्डावर दोन ओळी लिहायला बसतात, त्या दिवशी अक्षरे देणाऱ्या संतांचा सण असावा हे आम्हाला आवडते. म्हणूनच यंदाची कार्डे दुकानातली छापील इंग्रजी नकोत. मुलांनी मराठीत लिहावे, किंवा घरी बोलतात त्या बोलीत लिहावे. शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. चार्ल्स शुल्झ या अमेरिकन चित्रकाराची 'पीनट्स' ही चित्रमालिका तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. तिच्यावरून १९७५ साली दूरचित्रवाणीसाठी व्हॅलेंटाईनचा एक कार्टूनपट निघाला. त्यातला चार्ली ब्राऊन हा मुलगा वर्गातल्या पार्टीला एक बॅग घेऊन जातो. का, तर मिळणारी कार्डे भरून आणायला. पेटी उघडते, नावे वाचली जातात, त्याला एकही मिळत नाही. गेल्या वर्षीच्या आपल्या हॉलसारखेच. दुसऱ्या दिवशी मुलींना वाईट वाटते आणि एक मुलगी आपल्याला आलेल्या कार्डावरचे नाव खोडून ते त्याच्यापुढे धरते. तेव्हा त्याचा मित्र श्रोडर संतापतो. तुम्हाला याच्याविषयी काही वाटत नाही, तुम्हाला फक्त तुमच्या मनाची टोचणी घालवायची आहे, असे तो त्यांना सुनावतो. त्याचे बोलणे अगदी बिनतोड असते. पण चार्ली ब्राऊन मध्येच त्याला गप्प करतो आणि ते खोडलेले कार्ड आनंदाने घेतो.

तो कार्टूनपट पाहून कितीतरी मुलांनी चार्ली ब्राऊनच्या नावाने खरीखुरी कार्डे पाठवली होती. कागदावरच्या मुलासाठी! मुलांची मने मोठ्यांपेक्षा कुठे वेगळी असतात ते असे दिसते.

श्रोडरचे म्हणणे म्हणजे आपल्या युवक प्रतिनिधीचेच म्हणणे. मनात नसताना दिलेले प्रेम म्हणजे ढोंग. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर आमचे दोन तट पडत असत आणि जेवणाच्या टेबलापर्यंत ते टिकत. तेव्हा कांट या जर्मन तत्त्वज्ञाचे १७८५ सालचे एक छोटे पुस्तक अभ्यासाला होते. पुस्तक छोटे, पण परीक्षेच्या आदल्या रात्री फार मोठे वाटायचे. त्यात तो म्हणतो की भावना म्हणून प्रेमाची आज्ञा कोणी करू शकत नाही. 'याच्याविषयी तुला आपुलकी वाटो' असा हुकूम सोडून आपुलकी उगवत नाही. मग शेजाऱ्यावर, अगदी शत्रूवरही प्रेम करा अशी बायबलची आज्ञा आहे तिचे काय? कांटचे उत्तर असे की ती आज्ञा वाटण्याची नाही, वागण्याची आहे. मन ओढ घेत नसतानाही त्याचे भले करणे आपल्या हातात असते, आणि जे हातात असते त्याचीच आज्ञा होऊ शकते. नंतरच्या एका ग्रंथात तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती आम्हाला धर्मगुरू झाल्यावर जास्त पटली. ज्याचे आपण वारंवार भले करतो त्याच्याविषयी हळूहळू माया वाटू लागते. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला घरोघरी जाताना हे आम्ही अनुभवतो. पहिल्या वेळी कर्तव्य म्हणून जिना चढतो, दहाव्या वेळी त्या आजोबांचा खोकला ऐकू आला नाही तर काळजात धस्स होते.

संत थॉमस अक्वायनस याच्या पाचशे वर्षे आधी थोडक्यात सांगून गेले होते की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. वाटणे त्यात येते, पण प्रेम वाटण्यावर उभे नाही.

असे पाहिले तर कार्ड कर्तव्यापोटी दिले म्हणून ते खोटे ठरत नाही. खोटे काय ठरते? आम्ही पुन्हा सॅक्रिस्टीत त्या टेबलाशी जातो. आमच्या कार्डात दया होती, घाई होती, थोडी शरमही होती. यातले काहीच खोटे नव्हते. खोटी होती ती सही. 'तुझी एक मैत्रीण' असे लिहिण्याऐवजी आम्ही 'फादर' असे लिहिले असते आणि पेटीच्या तळाची थाप मारली नसती, तर तिने ते कार्ड कदाचित घरी नेले असते. चार्ली ब्राऊनने खोडलेले कार्ड घेतले, कारण खोडलेले नाव त्याला दिसत होते. त्याच्यापासून काही लपवलेले नव्हते. आमच्या मुलीला आम्ही एक मैत्रीण देऊ केली जी नव्हतीच. आजी म्हणाली मोजू नका. नातीने आमचे अक्षर ओळखले ते तिला सांगितलेही नसावे.

तेव्हा युवकाचे अर्धे म्हणणे खरे आहे. बेचाळीस कार्डांवर बेचाळीस वेळा 'तू माझा जिवलग मित्र' असे लिहून घेणे हे खोटेच. आणि त्या आईचेही खरे आहे. मैत्री निवडलेली असते. तिला सर्वांमध्ये सारखी वाटून टाकली तर ती मैत्री राहत नाही. अक्वायनस यांनी यावरही विचार केला आहे. सर्वांवर सारखेच प्रेम करावे का, असा प्रश्न घेऊन ते उत्तर देतात की नाही, प्रेमाला क्रम आहे. आईवडील, भावंडे, जवळची माणसे यांच्यावर अधिक प्रेम असणे हा दोष नव्हे. आपल्यापैकी काहींना वाटते की चांगला ख्रिस्ती माणूस म्हणजे ज्याला सगळे सारखे. असे कोणी आम्हाला सांगितले की आम्हाला त्याच्या बायकोमुलांची काळजी वाटते.

मग त्या मुलीचे काय? इथे आम्ही अडलो होतो आणि घड्याळात नऊ वाजून गेले होते. दुसरा चहा तेव्हाचा.

वाट दाखवली ती संत ऑगस्टीन यांच्या एका परिच्छेदाने. सन ३९६च्या सुमारास लिहायला घेतलेल्या ख्रिस्ती शिकवणुकीवरील ग्रंथात ते म्हणतात की सर्व माणसांवर प्रेम करायचे हे खरे, पण सर्वांचे भले करणे तुझ्याच्याने होणार नाही. मग काय करशील? जागा, वेळ आणि प्रसंग यांच्या योगाने जो तुझ्या जवळ आला आहे त्याच्याकडे आधी पाहा, जणू चिठ्ठी टाकून तो तुझ्या वाट्याला आला आहे. आम्ही हा परिच्छेद विद्यार्थी असताना वाचला होता आणि विसरलोही होतो. बैठकीत एक सिस्टर म्हणाल्या, "ख्रिसमसला आम्ही कॉन्व्हेंटमध्ये चिठ्ठ्या टाकतो, तसं करू या का?" तेव्हा तो एकदम आठवला.

आपल्या धर्मग्रामाकडेच पाहा. देवळात आपल्या शेजारी कोण बसावे हे आपण निवडलेले नाही. शांतिवचनाच्या वेळी आपण ज्याच्याकडे वळून हात जोडतो तो आपल्या पसंतीचा असतोच असे नाही. कधीकधी तो बांधावरून ज्याच्याशी गेली सहा वर्षे बोलणे बंद आहे तोच असतो (आणि मग जागा बदललेली आम्हाला वेदीवरून स्पष्ट दिसते). मित्र आपण निवडतो, शेजारी मिळतो. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत पडलेल्या माणसाला कोणी निवडले नव्हते. तो वाटेत होता, एवढाच त्याचा हक्क. त्या मुलीचा हक्कही तेवढाच होता आणि तो पुरेसा होता. कोणा एकाचे प्रेम तिला देणे लागत नव्हते, हे खरे. पण त्रेचाळीस मुलांना एका हॉलमध्ये बोलावणाऱ्या आम्हा मोठ्यांवर मात्र तिचे देणे होते. पार्टी मुलांनी ठरवली नव्हती. पेटी आम्ही मंजूर केली होती.

म्हणून यंदा पेटी नाही. पार्टीच्या आधीच्या रविवारी एका डब्यात सर्व मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतील. प्रत्येक मूल एकच चिठ्ठी उचलेल, स्वतःची आली तर परत टाकेल, आणि नाव कोणाला सांगणार नाही. पुढचा आठवडाभर त्याने त्या मुलाकडे किंवा मुलीकडे जरा लक्ष द्यायचे. शाळेत, शिकवणीला, वाटेत, मैदानात. मग एक कार्ड करायचे आणि त्यात स्वतः पाहिलेली एक खरी गोष्ट लिहायची. 'तू मला आवडतोस' असे लिहायचे बंधन नाही. 'तू तुझ्या लहान भावाची बॅग उचलतोस' हे चालेल. 'तू प्रार्थनेच्या वेळी डोळे घट्ट मिटतेस' हे चालेल. खाली स्वतःचे नाव घालायचे, खरे. ज्या मुलीला आपल्या मैत्रिणीसाठी तीन संध्याकाळ बसायचे आहे तिने जरूर बसावे आणि ते कार्ड मैत्रिणीच्या घरी जाऊन द्यावे. मैत्रीला हॉल लागत नाही.

यावर एक आक्षेप आला आणि तो सोपा नव्हता. चौथीच्या वर्गाच्या शिक्षिका म्हणाल्या, "फादर, एका मुलाची चिठ्ठी ज्याला येईल तो रडेल." तो कोण ते बैठकीत सर्वांना कळले. सायकलच्या घंट्या काढतो, लहानांना ढकलतो. त्याच्याविषयी खरी आणि चांगली अशी एक गोष्ट एका नऊ वर्षांच्या मुलाने कुठून शोधायची? आम्ही म्हणालो, शिक्षिकांनी मदत करावी. त्या म्हणाल्या, "मलाच सापडत नाही." हसू आले, पण नंतर कोणी बराच वेळ बोलले नाही. दोन वर्षे तो मुलगा आपल्याकडे येतो आहे. शेवटी ठरले की या आठवड्यात शिक्षिकांनी आणि आम्हीही त्याच्याकडे पाहायचे. हे लिहीपर्यंत आम्हाला एक गोष्ट सापडली आहे. मिस्सा संपल्यावर आजीचा हात धरून पायऱ्या उतरवतो तो तोच. आम्ही इतके दिवस पायऱ्यांकडे पाठ करून लोकांशी बोलत उभे राहत होतो.

खेळांवरही वाद झाला. मुलामुलींच्या जोड्या लावायचे, 'राजा-राणी' निवडायचे खेळ इंटरनेटवरून कोणीतरी उतरवून आणले होते, ते एका मिनिटात बाजूला ठेवले. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर जोड्यांचे ओझे कशाला? परंतु एका उत्साही शिक्षिकेचे म्हणणे होते की कोणीही बाद होणार नाही असेच खेळ हवेत, संगीत खुर्चीसुद्धा नको, कारण त्यात मूल बाहेर पडते आणि त्याला वाईट वाटते. बैठकीतून उठून निघाल्या होत्या त्या याच. इथे आम्ही त्यांच्याशी सहमत झालो नाही. संगीत खुर्चीत मूल हरते ते काय? एक खुर्ची. सगळ्यांनी नियम आधीच मान्य केलेला असतो आणि पाच मिनिटांनी कोणाला आठवतही नाही कोण हरले. हरण्याची सवय व्हायला खेळाइतकी चांगली जागा नाही, कारण तिथे खरे काही जात नाही. (आम्ही स्वतः सेमिनरीत कॅरममध्ये हरलो की दोन दिवस बोलत नसू, ते सोडा. आमची सवय कमी पडली होती.) गेल्या वर्षीच्या पेटीचा दोष हरणे हा नव्हताच. जी गोष्ट खेळ नाही तिचा आम्ही खेळ केला आणि तिला गुण लावले. संगीत खुर्चीतून बाहेर पडलेले मूल फार तर म्हणते, मी हळू धावलो. पेटीशी रिकाम्या हाताने उभे राहिलेले मूल काय म्हणत असेल?

तेव्हा संगीत खुर्ची राहील. तिच्या जोडीला आपले जुने खेळ घेतले आहेत, आणि ते घेताना असे लक्षात आले की या प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी अंगणातच पुष्कळ विचार करून ठेवला आहे. कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, पण त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येतो. विष-अमृत तर सर्वांना आठवत असेल. ज्याच्यावर राज्य असते तो पळत येऊन शिवतो, 'विष' म्हणतो आणि शिवलेला जागच्या जागी खाली बसतो. त्याला स्वतःला काही करता येत नाही. दुसरा कोणी राज्य असलेल्याला चुकवून, स्वतः पकडले जाण्याचा धोका पत्करून त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि 'अमृत' म्हणून शिवतो तेव्हाच तो सुटतो. हा खेळ चर्चच्या मागच्या पटांगणात होईल. मोठ्या मुलांनी लहानांना सोडवायला जावे, अशी खास सूचना द्यायची गरज नाही. ती जातातच, आम्ही वरच्या खिडकीतून पाहिले आहे.

आणखी दोन गोष्टी. प्रत्येक मुलामागे शंभर रुपये वर्गणीची सूचना होती, ती मागे घेतली आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने मेजवानीच्या आमंत्रणाविषयीही सांगून ठेवले आहे. मित्र, नातेवाईक आणि धनवान शेजारी यांना बोलावू नका, ते तुम्हाला उलट आमंत्रण देतील. ज्यांना फेड करता येणार नाही त्यांना बोलवा. आपल्या हद्दीतल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी, वर्गाला अधूनमधून येणारी मुले आहेत. त्यांची नावे यादीत घातली आहेत आणि त्यांच्याही चिठ्ठ्या डब्यात असतील. खाऊची जबाबदारी महिला मंडळाने घेतली आहे. फुगे करू, असे त्या म्हणाल्या तेव्हा युवकांनी पंप कोणाकडे आहे ते विचारले. खायचे आणि टांगायचे, दोन्ही फुगे असतील.

तारखेचे म्हणाल तर १४ फेब्रुवारी धरून बसायचे कारण नाही. २०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी १४ तारखेलाच राखेचा बुधवार आला होता आणि काही घरांत सकाळी कपाळावर राख आणि संध्याकाळी केक, अशी ओढाताण झाली होती. यापुढे दरवर्षी उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीचा सोयीचा रविवार पाहायचा, असे ठरले. यंदाची तारीख पुढील रविवारी मिस्सानंतर जाहीर होईल.

कार्डांसाठी जाड कागद हवा आहे. घराघरांत जुन्या लग्नपत्रिका पडून असतात, त्यांची मागची बाजू कोरी असते. त्या चर्चच्या कार्यालयात आणून द्याव्यात. पहिल्या दिवशी पत्रिकांचा एक गठ्ठा घेऊन जी मुलगी आली ती गेल्या वर्षीचीच, आता चौथीत गेलेली. गठ्ठा टेबलावर ठेवून तिने चिठ्ठ्यांच्या डब्यात डोकावून पाहिले आणि विचारले, "फादर, तुमचं नाव आहे का यात?"

नव्हते. ते लिहून टाकले आहे, त्यामुळे आता आम्हालाही एक चिठ्ठी उचलावी लागेल. पत्रिका शनिवारी सायंकाळच्या मिस्सापर्यंत पोहोचाव्यात. कात्र्या आणि गोंद मात्र मुलांनी घरून आणावेत. हॉलमध्ये कात्र्या तीनच आहेत आणि त्यातल्या एकीचा स्क्रू ढिला आहे.

आपले धर्मगुरू